जपानहून थेट

मेसेज आला तेव्हा मी दादरला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. अनोळखी नंबर, नाव नाही, फोटो नाही. एवढंच लिहिलं होतं : ‘पोस्ट काढून टाका मॅडम. पार्सल आम्हीच पाठवलं होतं. कुठे राहता ते माहीत आहे.’

मी फोन पालथा घातला आणि पुढची वही ओढली. समोरचं गणित मुलीने बरोबर सोडवलं होतं, तरी मी त्यावर फुली मारली. मग ती खोडली, बाजूला सही केली. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय गं, बरं नाही का?” मी म्हटलं, “जरा डोकं दुखतंय.”

हे सगळं एका वीतभर उंचीच्या मुलीवरून सुरू झालं होतं. ती मुलगी पावसातून आत आलीय आणि मिटलेली छत्री झटकतेय. एक पाय किंचित उचललेला, केस एका बाजूने ओले, ओठ दाबून धरलेले. जपानमध्ये बनणाऱ्या अशा मूर्तींना जमवणारे लोक फिगर म्हणतात. मी चाळिशीला आल्यावर या नादाला लागले. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या टेबलावर झोपलेल्या मांजराची छोटीशी फिगर होती. ती मी हातात घेतली, मांजराच्या पंजांखालच्या गुलाबी गाद्या पाहिल्या, आणि घरी येऊन शोधायला बसले. मग हळूहळू आमच्या काचेच्या कपाटातल्या चहाच्या सेटला माळ्यावर जावं लागलं. सासूबाई फोनवर गावच्या नातेवाइकांना सांगायच्या, “सुनेन घरात बाहुल्यो हाडल्यान.” त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि बातमी जास्त असायची.

फिगर आवडणं सोपं आहे. ती कुठून घ्यायची हे ठरवताना घाम फुटतो. जपानमधली दुकानं स्वतः पाठवतात, माल अस्सल असतो, पण पार्सल कस्टममध्ये अडकलं की रोज फोन उघडून ते हललं का बघत बसायचं, वर ड्युटी किती लागेल ते आधी सांगता येत नाही. तिथली जुन्या मालाची दुकानं स्वस्त पडतात आणि खोक्याचा कोपरा चेपलाय एवढंही प्रामाणिकपणे लिहितात, पण तिथे वस्तू एकच असते, विचार करेपर्यंत दुसऱ्याने उचललेली असते. आपल्याकडची काही दुकानं चांगली आहेत. ती आधी बुकिंग घेतात आणि मग वर्ष वर्ष वाट पाहायला लावतात. आणि मग असतात सोशल मीडियावरची पानं. दुकान नाही, पाटी नाही, फक्त फोटो आणि पैसे पाठवायचा कोड.

जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी होते. दुकानाने स्वतः काढलेला फोटो आहे का, परत घेण्याबद्दल काय लिहिलंय, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं का, असलं सगळं मी तपासायचे आणि सविस्तर लिहायचे. शिक्षिकेची सवय. त्यामुळे नवे लोक मलाच विचारायचे, ‘ताई, इथून घेऊ का?’

छत्रीवाली मुलगी जपानमध्ये संपली होती. तेव्हा एका नव्या पानावर ती दिसली. ‘जपानहून थेट’ असं वर मोठ्या अक्षरांत. माल मुंबईतच, आठवड्यात घरपोच, किंमत जवळजवळ निम्मी. निम्मी किंमत दिसली की थांबायचं, हे इतरांना मीच सांगत असे. पण लिहिणाऱ्याने माझ्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली, खोक्याचा फोटोही पाठवला. मी ऑर्डर केली.

तेव्हा आम्ही नायगावची बीडीडीतली खोली सोडून परळला भाड्याने राहत होतो. आमची चाळ पाडायला घेतली होती. परळची इमारत बरी होती, लिफ्ट होती, पण मजल्यावर चार बंद दारं आणि मधे पिवळा दिवा. चाळीत पार्सलवाला आला की तो जिना चढायच्या आत तीन घरांना कळायचं. इथे बेल वाजली, मी खोकं घेतलं, दार लावलं, कोणाला पत्ता नाही.

खोकं उघडल्याबरोबर वास आला. ऑइलपेंटचा डबा उघडल्यासारखा. मुलीचा चेहरा चकचकीत होता, जणू तेल चोपडलंय. एक भुवई किंचित वर गेलेली. छत्रीचा लाल रंग बोटांवर उतरला होता. मी तिला उलटं केलं. तळाला बनवणाऱ्या कंपनीचा ठसा असतो, तो नव्हता. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “ह्येचा तोंड असा कित्या? रडान इल्यासारख्या?” मला हसू यायला हवं होतं. मी मात्र बोटांवरचा लाल रंग फडक्याने पुसत राहिले.

पानाला लिहिलं. उत्तर आलं, ‘माल ओरिजिनल आहे.’ फोटो पाठवले. ‘तुमच्या कॅमेऱ्यात तसं दिसतंय.’ परत घ्या म्हटलं, तर उत्तर बंद. मग मी इरेला पेटले. जपानच्या एका जुन्या मालाच्या दुकानात रोज बघत राहिले आणि तीच फिगर वर आली तेव्हा लगेच घेतली. ती कस्टममधून सुटून यायला बराच काळ लागला. आली तेव्हा मी दोघींना खिडकीतल्या उजेडात शेजारीशेजारी उभं केलं, चेहऱ्याचे, छत्रीचे, तळाचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. शिवी नाही, आरोपाची भाषा नाही. ‘ही या पानावरून आली, ही जपानहून. फरक बघा.’ पानाचं नाव लिहिलं.

संध्याकाळपर्यंत खाली उत्तरांची रांग लागली. कोणाच्या घरी मांजर आलं होतं, कोणाकडे रोबो, सगळ्यांना तोच वास. एका बाईने मुलीच्या वाढदिवसाला घेतलेल्या फिगरचा हात दुसऱ्या दिवशी गळून पडला होता.

आणि मग तो मेसेज.

घरी आल्यावर नवऱ्याला दाखवला. त्याने उभ्याउभ्याच वाचला, पायातले बूटही काढले नव्हते.

“काढून टाक पोस्ट,” तो म्हणाला.

“का? मी खोटं लिहिलंय?”

“खरं-खोटं जाऊ दे गं. मी दिवसभर बाहेर असतो, तू शाळेत असतेस. घरात आई एकटी असते. एका बाहुलीपायी कोणाला अंगावर घेतेस?”

“त्या मुलीच्या फिगरचा हात पडला, तिच्या आईने मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, घ्या म्हणून. एवढं चांगलं बोलत होता तो.”

“पण तिने विचारलं नव्हतं ना?”

पोस्ट मात्र मी काढली नाही. आम्ही त्या आठवड्यात मिठाचा डबा दे, गॅस बंद कर, याच्यापलीकडे फारसं बोललो नाही.

फोन सुरू झाले. वर्गात असताना यायचे. उचलला की पलीकडे फक्त श्वास, मग कट. मग त्या पानावर एक फोटो आला. माझ्या पार्सलवरचं लेबल. फ्लॅटचा नंबर काळ्या पट्टीने झाकलेला, पण माझं आडनाव, इमारत, गल्ली स्पष्ट. खाली लिहिलेलं, ‘ही बाई दुसऱ्या दुकानाकडून पैसे घेऊन आमची बदनामी करते.’ त्या दिवशी शाळेतून येताना मी इमारतीच्या खाली थांबून आधी वर बघितलं. लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस शिरला तर मी उतरले आणि जिन्याने चढले. सासूबाईंना फक्त एवढंच सांगितलं, “आई, मी नसताना कोणालाही दार उघडू नका.”

त्या म्हणाल्या, “कोण येतला?”

“कोणी नाही. पण उघडू नका.”

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी आम्ही दोघी जेवलो, मी आत कपडे घड्या घालत होते. बेल वाजली. मी बाहेर येईपर्यंत सासूबाईंनी दार उघडलेलं. त्यांना आयुष्यभर उघड्या दाराची सवय. माझं सांगणं त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल.

“कोण होयो तुका?” त्या विचारत होत्या.

दारात पंचविशीचा मुलगा उभा होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फोन. इस्त्रीचा शर्ट. त्याने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, ती पोस्ट. तुम्हीच ना?”

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “भायर कित्या उभो? ये, बस. पाणी पितस?” आणि बाजूला झाल्या. तो आत आला. दार त्याच्या पाठीमागे अर्धवट लोटलं गेलं. माझा फोन आत पलंगावर होता. तो आणायला गेले असते तर या दोघांना बाहेर सोडून जावं लागलं असतं.

तो बसला नाही. “आत्ता, माझ्यासमोर डिलीट करा,” तो म्हणाला. “मी त्याच्याशिवाय जाणार नाही.”

“तुम्ही माझा पत्ता टाकलात,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. “तो आधी काढा.”

“तुम्ही माझा धंदा टाकलात रस्त्यावर! लोक रोज शिव्या घालतायत. घरी येऊन उभे राहतात. माझगावला आमच्या गल्लीत तमाशा झाला, आईसमोर. तुम्हाला काय, बसल्या बसल्या टाइप करायचं!” त्याचा आवाज चढत गेला. हेल्मेट त्याने जेवणाच्या टेबलावर आपटलं. स्टीलचा जग आडवा झाला आणि पाणी कडेवरून खाली गळायला लागलं. पुसायला कोणी पुढे झालं नाही.

मला वाटलं, याला खरंच माहीत नसेल. कुठल्या तरी घाऊक व्यापाऱ्याने याच्या गळ्यात माल मारला असेल. नीट दाखवलं तर शांत होईल. वर्गात मूल चिडलं की मी तेच करते, उदाहरण पुढे ठेवते. मी कपाट उघडलं. दोन्ही छत्रीवाल्या मुली मागच्या कप्प्यात उभ्या होत्या. त्या उचलताना एकीची छत्री काचेला लागून टकटक वाजली. मी त्या टेबलाच्या कोरड्या बाजूला, त्याच्यापासून हातभर लांब, पाठमोऱ्या ठेवल्या. चेहरे माझ्याकडे.

“एक तुमच्याकडची आहे, एक जपानची,” मी म्हटलं. “बघा, मग आपण बोलू.”

त्याने हातही लावला नाही. वाकलाही नाही. नुसती नजर टाकली आणि हनुवटीने दाखवलं. “ती डावीकडची आमची.”

बरोबर होतं.

रस्त्यावर टेम्पो मागे घेताना वाजतो ती पीप पीप ऐकू येत होती. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलेलं मला त्याच्या कानांवरून कळलं. ते लाल झाले होते.

“पाठीमागून ओळखलीस,” मी म्हटलं. मी त्याला अरे-तुरे करायला लागले होते आणि ते मला नंतर कळलं. “म्हणजे तुला माहीत होतं.”

“पहिले सगळे खरे आणायचो,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “पहिलं वर्ष. आई शप्पथ. कस्टमला अडकायचे, ड्युटी भरायची, गिऱ्हाईक म्हणायचं एवढी किंमत? मग दोन-चार दुसरे आणले. कोणी काही बोललं नाही. फोटो टाकले, थँक्यू म्हणाले. लोकांना फरक कळतच नाही, मॅडम.”

“मला कळला ना.”

“तुम्हाला कळला,” तो म्हणाला, आणि पुन्हा चिडला. “तुम्हाला एकटीला कळला म्हणून मी मरायचं? पोस्ट काढा. नाहीतर…”

तो तिथे थांबला. सासूबाई पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, किती वेळ ते मला माहीत नाही. त्या दोन पावलं पुढे आल्या. उंचीने त्या त्याच्या खांद्याएवढ्याही नव्हत्या.

“नायतर काय?” त्या म्हणाल्या. “सांग मगे. मी आयकतंय.”

त्याने फोन खिशात घातला.

“घरात इलंस, म्हाताऱ्या बायेसमोर आवाज चढवलंस. नायतर काय करशीत, ता पण बोल.” ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे केलेला होता. त्याही घाबरलेल्या होत्या.

त्याने ग्लास घेतला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. “ती आमची द्या परत,” त्याने हात पुढे केला.

“ती मी देणार नाही,” मी म्हटलं. “पोस्टही राहील. माझ्या लेबलचा फोटो आज काढ. ज्यांचा माल खोटा गेला त्यांना परत करायला लाग. केलंस की तेही मी तिथेच लिहीन, तुझं नाव घेऊन.”

त्याचा हात तसाच फिगरच्या वर राहिला. त्याने ती उचलली असती तर मी काय करणार होते? मी काहीच करू शकले नसते. मग त्याने हेल्मेट उचललं, दार उघडलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरला. त्याच्या चपलांचा आवाज तळापर्यंत ऐकू येत राहिला. मी दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली आणि तिथेच दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. सासूबाईंनी तो ग्लास मला दिला.

फोन केल्यावर नवरा अर्ध्या तासात आला. टॅक्सीने. आल्यावर त्याने आधी आईला विचारलं, मग मला, मग दोन्ही कड्या स्वतः उघडून लावून बघितल्या. पोस्ट काढ म्हणून मात्र त्याने पुन्हा म्हटलं नाही. आम्ही तिघंही पोलीस ठाण्यात गेलो. सासूबाई घरी थांबायला तयार नव्हत्या. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेसेज बघितले, अर्ज लिहून घेतला आणि त्या नंबरावर आमच्यासमोर फोन लावला. पलीकडून तोच आवाज, पण ‘हो मॅडम, हो मॅडम’ एवढंच म्हणणारा. आम्ही घरी पोचेपर्यंत माझ्या लेबलचा फोटो पानावरून गेलेला होता.

काही जणांना पैसे परत मिळाले. हात गळालेल्या फिगरवाल्या बाईंना मिळाले. मी कबूल केल्याप्रमाणे ते लिहिलं. बऱ्याच जणांना मिळाले नाहीत, आणि एक दिवस ते पानच दिसेनासं झालं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पुढचे कितीतरी दिवस बेल वाजली की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. सासूबाई आता दाराच्या दुर्बिणीतून बघून विचारायच्या, “कोण?” आणि दूधवाल्यालाही दोनदा नाव सांगायला लावायच्या. त्यांना असं करताना बघून मला वाईट वाटायचं. त्यांची जन्माची सवय माझ्यामुळे मोडली होती.

दिवाळीच्या सुट्टीत नवं पान आलं. नाव वेगळं, वरची ओळ वेगळी. किमती निम्म्या. मी फोटो मोठे करून पाहिले. तोच चकचकीत चेहरा, तीच वर गेलेली भुवई. या वेळी फोटो खऱ्या फिगरचे नव्हते, नकलेचेच होते. खाली लोक पत्ते विचारत होते, कोणीतरी मुलाच्या मुंजीला हवंय म्हणत होतं.

मी फोन नवऱ्यापुढे धरला. तो चहा पीत होता. त्याने फोटो पाहिले, कप खाली ठेवला.

“तोच?”

“तोच असेल. नाहीतर त्याचा माल घेणारा कोणी.”

तो उठून खिडकीशी गेला. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे. मी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं होतं.

“लिही,” तो म्हणाला. “पण या वेळी माझ्या नावाने टाकायचं. तुझ्या नाही.”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“मग शिकव.”

आम्ही टेबलाशी बसलो. इतक्या वर्षांत त्याने एकाही फिगरला हात लावला नव्हता. त्या दिवशी दोन्ही मुली त्याने पहिल्यांदा उचलल्या. जपानची उचलताना त्याने श्वास रोखून धरला होता. मी त्याला तळाचा ठसा दाखवला, केसांचा जोड कुठे दिसतो ते दाखवलं, नाकाजवळ धरून वास घ्यायला लावला. त्याने नाक मुरडलं. मग एका बोटाने टाइप करत बसला, मला शब्द विचारत, मी सांगितलेले दोन खोडून स्वतःचे घालत. सासूबाई येऊन त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि तो लिहीत असलेलं मोठ्याने वाचायला लागल्या. शेवटी त्याने बोट वर धरलं, आमच्या दोघींकडे बघितलं, आणि बटण दाबलं.

आम्ही तिघं फोनकडे बघत होतो. मग खाली पहिलं उत्तर आलं. ‘दादा, सांगितलंत ते बरं केलंत. मी आत्ता पैसे पाठवणारच होतो. मग तुम्ही कुठून घेता?’

त्याने फोन माझ्याकडे फिरवला. “काय सांगू?”

“आधी विचार,” मी म्हटलं, “घाई किती आहे.”